विटेच्या वेषातील वैरी : दृश्य चिन्हांच्या एका अपवादाची मीमांसा

१. प्रसंग आणि प्रश्न

गोंदिया शहरास लागून असलेल्या कुडवा या गावी गेल्या पावसाळ्यात एका परिचितांकडे बसलो असताना घडलेल्या एका साध्या प्रसंगातून प्रस्तुत लेखाचा विषय सुचला. घरातील दहा-अकरा वर्षांचा मुलगा दूरचित्रवाणी संचास जोडलेल्या यंत्रावर 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' हा जुना जपानी खेळ खेळत होता. पडद्यावरील मारिओ धावत होता, खड्डे ओलांडीत होता, विटा डोक्याने फोडीत होता. आणि एका ठिकाणी, समोर केवळ एक वीट दिसत असता, मुलाने त्यास एकाएकी थांबविले. कारण विचारता तो म्हणाला, "काकाजी, ती वीट नाही." क्षणभराने ती वीट खरोखरच उडी घेऊन पुढे आली. हे तुला कसे कळले, असे विचारल्यावर त्याने प्रतिप्रश्नच केला, "नुसती वीट तिथे कशाला असेल?"

भाषेच्या अभ्यासकास हा प्रतिप्रश्न मोलाचा वाटावा. मुलाने विटेचा रंग तपासला नव्हता की आकार मोजला नव्हता. ती वीट इतर विटांसारखीच आहे, हे त्यास मान्यच होते. परंतु विटा कोठे असतात आणि कशासाठी असतात याचा एक अलिखित नियम त्याच्या मनात तयार झाला होता, आणि समोरची वीट त्या नियमात बसत नव्हती. दिसण्यात भेद नसतानाही अर्थात भेद आहे हे त्याने ओळखले. आपण शब्दांच्या बाबतीत दिवसातून शेकडो वेळा हेच करीत असतो.

वेषांतर करून बसलेला हा वैरी कोणत्या नियमांवर उभा असतो, तो फसवितो कसा आणि ओळखू कसा येतो, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. या विवेचनातून एक प्रतिपाद्य पुढे ठेवावयाचे आहे. ते असे की, खेळातील वेषांतर ही नियमाच्या आधाराने केलेली फसवणूक असून तिच्यात ओळखीची खूण मुद्दाम शिल्लक ठेवलेली असते. म्हणूनच ती खेळणाऱ्यास नियम शिकविते.

२. खेळाची भाषा

ज्या वाचकांचा या खेळांशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. 'प्लॅटफॉर्म गेम' म्हटल्यावर गोंदियाच्या वाचकास प्रथम रेल्वेचा फलाट आठवेल. आणि ती आठवण अगदीच गैरलागू नाही. या प्रकारच्या खेळात उंचसखल फलाट मांडलेले असतात व त्यांवरून धावत, उड्या घेत नायकास पुढे न्यावयाचे असते. वाटेत खड्डे, वैरी आणि बक्षिसे असतात. या प्रकाराचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८५ साली प्रसिद्ध केलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स'. शिगेरु मियामोतो व ताकाशी तेझुका हे त्याचे प्रमुख रचनाकार. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात लहान शहरांतूनही 'कॅसेट' घालून खेळावयाची जी स्वस्त यंत्रे आली, त्यांच्यामुळे हा खेळ एका संपूर्ण पिढीच्या परिचयाचा झाला. प्रस्तुत लेखक त्याच पिढीतील आहे.

या पहिल्या खेळाचा संपूर्ण मजकूर अवघ्या ४० किलोबाइटांत मावतो. आज एका साध्या छायाचित्रासही याहून कितीतरी अधिक जागा लागते. एवढ्या अल्प सामग्रीत एक विश्व उभे करावयाचे, तर एकच आकृती अनेक कामांसाठी वापरणे क्रमप्राप्त होते. आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप ही या खेळात एकच आकृती आहे. केवळ रंग वेगळा. 'गूम्बा' नावाचा पहिला वैरी चालताना दिसतो तो एकच चित्र आळीपाळीने उजवी-डावीकडे उलटवून. या प्राण्याचे जपानी नाव 'कुरिबो' असे असून 'कुरी' म्हणजे चेस्टनटचे फळ.

भाषेच्या दृष्टीने हे अत्यंत सूचक आहे. फेर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानग्रंथात चिन्हाचे मूल्य त्याच्या द्रव्यावर अवलंबून नसून इतर चिन्हांपासून असलेल्या त्याच्या भेदावर अवलंबून असते, असा सिद्धान्त मांडला आहे. ढग आणि झुडूप यांचे द्रव्य एक. परंतु एक वर आहे आणि एक खाली, एक पांढरे आणि एक हिरवे, एवढ्या भेदावर दोन स्वतंत्र अर्थ उभे राहतात, आणि खेळणारा त्यांत कधीही गल्लत करीत नाही. मर्यादित सामग्री आणि भेदांची शिस्तबद्ध व्यवस्था या दोहोंवर खेळाची ही भाषा चालते.

ही व्यवस्था खेळणाऱ्यास कोणी वाचून दाखवीत नाही. पहिल्याच प्रवेशात गूम्बा समोरून चालत येतो. त्याचा स्पर्श झाला की डाव संपतो. त्याच्यावर उडी मारली की तो चिरडला जातो. लगेचच डोक्यावरच्या प्रश्नचिन्हांकित ठोकळ्यातून एक अळिंबे बाहेर पडते, नळावर आपटून उलट फिरते आणि मारिओच्या दिशेने येऊ लागते. गूम्बाही दिसावयास अळिंब्यासारखाच. नवशिका घाबरतो, परंतु या अळिंब्याचा स्पर्श होताच मारिओ मोठा होतो. वैरी कोण आणि मित्र कोण, हा पहिला भेद अशा रीतीने अवघ्या काही क्षणांत, कृतीतून शिकविला जातो.

३. वेषांतराचे प्रकार

नियम रुजल्यानंतरच अपवादास अर्थ येतो. म्हणून वेषांतर केलेले वैरी बहुधा खेळाच्या पुढील भागात किंवा मालिकेच्या पुढील खेळात आढळतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार निर्जीव वस्तूच्या वेषाचा. १९८८ साली जपानात व १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' मध्ये एक लहानगा गूम्बा विटेखाली दडून बसतो आणि मारिओ जवळ येताच विटेसह झेप घेतो. कुडव्याच्या मुलाने ओळखला तो हाच. जमिनीत खांब ठोकणाऱ्या यंत्रास इंग्रजीत जे नाव आहे, म्हणजे 'पाइल ड्रायव्हर', तेच या प्राण्याच्या इंग्रजी नावात आले आहे. १९९० साली आलेल्या 'सुपर मारिओ वर्ल्ड' मध्ये या प्रकारास एक वेगळे वळण मिळाले. तेथे एक भूत मारिओने त्याच्याकडे तोंड केले की ठोकळा बनून राहते आणि त्याने पाठ फिरविली की पुन्हा भूत होऊन मागे लागते. पाहणाऱ्याच्या दृष्टीवरच त्याचे रूप अवलंबून आहे.

दुसरा प्रकार मित्राच्या वेषाचा. १९८६ साली जपानात प्रसिद्ध झालेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स २' मध्ये विषारी अळिंबे आहे. ते बाहेर पडते नेहमीच्या अळिंब्याप्रमाणे, सरकते नेहमीच्या अळिंब्याप्रमाणे. मात्र त्याचा स्पर्श लाभदायक न होता घातक होतो. येथे वैऱ्याने चोरली आहे ती पूर्वी शिकलेली गोष्ट. अळिंबे म्हणजे लाभ, हा नियम ज्यास ठाऊक नाही तो या अळिंब्याने फसूच शकत नाही. पावसाळ्यात रानातून सात्या वेचून आणणाऱ्या आपल्या भागातील स्त्रियांस हे निराळे सांगावयास नको. खाण्याजोग्या सात्यांची पारख ज्यांस आहे त्यांसच तशी दिसणारी दुसरी अळिंबी धोक्याची असतात.

तिसरा प्रकार निरुपद्रवीपणाच्या वेषाचा. १९९२ सालच्या 'कर्बीज ड्रीम लँड' या खेळाचा नायक वैऱ्यांस तोंडाने आत ओढून गिळतो. त्यात 'स्कार्फी' नावाचा एक गोजिरवाणा प्राणी हवेत तरंगत असतो. नायक त्यास ओढू लागला की त्याचा चेहरा एकदम उग्र होतो, तो गिळला जात नाही, उलट पाठलाग करू लागतो. हा वैरी रूपापेक्षा खेळणाऱ्याच्या सवयीचा अधिक फायदा घेतो. जी कृती सर्वत्र यशस्वी ठरली तीच येथे उलटते.

या तिन्ही प्रकारांत एक तत्त्व समान आहे. वेषांतर स्वतःच्या बळावर जगत नाही. ते दुसऱ्या, खऱ्या चिन्हाच्या विश्वासार्हतेवर जगते. खेळातील प्रत्येक वीट जर वैरी असती, तर 'वीट' हे चिन्हच राहिले नसते. 'विटेसारखा दिसणारा वैरी' अशी एक नवी, सरळ आणि प्रामाणिक जात तेवढी तयार झाली असती. फसवणूक होण्यासाठी बहुसंख्य विटा खऱ्याच असाव्या लागतात. हेन्री वॉल्टर बेट्स या निसर्गशास्त्रज्ञाने १८६२ साली फुलपाखरांच्या अनुकरणाविषयी जी उपपत्ती मांडली तिच्याही मुळाशी हेच प्रमाण आहे. अनुकरण करणारे थोडे आणि मूळ नमुने पुष्कळ, तोवरच अनुकरणाचा निभाव लागतो.

उंबेर्तो एको यांनी १९७५ सालच्या आपल्या चिन्हमीमांसेवरील ग्रंथात, ज्याच्या साहाय्याने खोटे सांगता येते ते सारे या शास्त्राच्या कक्षेत येते, अशा आशयाची व्याख्या केली आहे. चार्ल्स हॉकेट यांनी १९६० साली मानवी भाषेची तेरा लक्षणे सांगितली. पुढे त्या यादीत त्यांनी जी भर घातली तीत असत्य बोलता येण्याच्या शक्तीचाही समावेश होता. खोटे बोलता येणे ही भाषेची विकृती न समजता भाषा असण्याची खूण समजावी, असा या दोहोंचा रोख आहे. विटेच्या वेषातील गूम्बा हा या सिद्धान्ताचा चित्ररूप दाखला होय.

४. मीलित, उन्मीलित आणि विशेषक

आपल्या साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी आणि फार बारकाईने केला आहे. अकराव्या शतकातील मम्मटाने भ्रान्तिमान्, मीलित व सामान्य हे अलंकार सांगितले. सोळाव्या शतकातील अप्पय्य दीक्षितांनी 'कुवलयानंद' या ग्रंथात मीलित व सामान्य यांच्या जोडीस उन्मीलित व विशेषक हे दोन अलंकार ठेवून चौकट पूर्ण केली. मीलितात सादृश्यामुळे दोन वस्तूंमधील भेदच लक्षात येत नाही. सामान्यात दोन वस्तू समोर असूनही त्यांपैकी कोणती कोणती हे वेगळे काढता येत नाही. उन्मीलितात एखाद्या कारणाने लोपलेला भेद पुन्हा स्फुरतो, आणि विशेषकात सारख्या दिसणाऱ्या वस्तूंचे वैशिष्ट्य उमगून कोणती कोणती हे निश्चित होते.

दीक्षितांची उदाहरणे मोठी मार्मिक आहेत. राजाच्या शुभ्र कीर्तीत बुडून गेलेला हिमालय देवांस ओळखता येतो तो गारव्यावरून. डोळ्यांनी भेद दिसत नाही, तो स्पर्शाने कळतो. कमळांच्या तळ्यात उतरलेल्या स्त्रियांची मुखे आणि कमळे निराळी करता येत नाहीत; परंतु चंद्र उगवला की कमळे मिटतात, मुखे मिटत नाहीत, आणि भेद उघड होतो. म्हणजे स्थिर रूपात जो भेद सापडत नाही, तो वर्तनात सापडतो. कावळा आणि कोकिळा यांचा भेद वसंत ऋतू आल्यावर कळतो, हे लोकप्रसिद्ध सुभाषितही याच जातीचे आहे.

या चौकटीत गूम्बाची वीट सहज बसते. ती स्थिर असेतोवर सामान्य अलंकार. तिने उडी घेतली की विशेषक. उडी घेणे हे येथे चंद्रोदयाचे काम करते. एवढेच नव्हे, तर यंत्राच्या पातळीवरही हा भेद आरंभापासून असतोच. १९८३ साली विक्रीस आलेल्या ज्या 'फॅमिकॉम' यंत्रासाठी हे खेळ रचले गेले, त्यात पडद्यावरील स्थिर देखावा चौकोनी तुकड्यांच्या पार्श्वचित्रांतून घडविला जाई आणि हलणारे प्राणी वेगळ्या 'स्प्राइट' नामक आकृतींतून. अशा आकृती एका वेळी चौसष्टच दाखविता येत. खरी वीट पार्श्वचित्राचा भाग. उडी घेणारी वीट मात्र स्प्राइटच असणार. डोळ्यांस दोन्ही विटाच दिसतात, परंतु घडणीचे द्रव्य भिन्न आहे.

५. भाषेतील समांतर

हाच व्यापार भाषेत कसा घडतो, ते तीन उदाहरणांनी पाहू.

मराठीत 'माळ' हा शब्द एकटा उभा असता तो मोकळे रान आहे की फुलांची माळ, हे सांगता येत नाही. परंतु त्यास विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले की वेष गळून पडतो. पुल्लिंगी शब्दाचे 'माळावर' होते, स्त्रीलिंगी शब्दाचे 'माळेत' होते. सामान्यरूप हा येथे चंद्रोदय. स्थिर असता एकरूप आणि चालू लागताच भिन्न, ही स्थिती गूम्बाच्या विटेसारखीच आहे.

दुसरे उदाहरण आपल्या झाडीबोलीचे. या बोलीत प्रमाण मराठीतील 'ण' च्या जागी 'न' येतो. 'पाणी' चे 'पानी' होते. परिणामी वजनाचा 'मण' आणि अंतःकरणवाचक 'मन' यांचा उच्चार एकच होतो. आता सामान्यरूपही मदतीस येत नाही. तरीही बाजारात कोणाची गफलत होत नाही, कारण शेजारचे शब्द अर्थ ठरवून देतात. संख्यावाचक शब्दापुढे आणि धानाच्या अलीकडे येणारे 'मन' तोलण्याचेच असणार. ढग आणि झुडूप यांतील भेद जसा जागेवरून कळतो, तसाच हा प्रकार. 'नुसती वीट तिथे कशाला असेल?' हा प्रश्न म्हणजे संदर्भावरून अर्थ लावण्याचेच सूत्र होय.

तिसरे उदाहरण अधिक कठीण, आणि सीमेवरील जिल्ह्यांत अध्यापन करणाऱ्यांस रोजचे. गोंदिया जिल्ह्याच्या उत्तरेस मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा आहे, पूर्वेस छत्तीसगड. मराठी आणि हिंदी येथे एकाच ओठांवर असतात. 'शिक्षा' हा शब्द हिंदीत विद्यादान दर्शवितो, मराठीत दंड. 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न दर्शविते, मराठीत थट्टा. विद्यार्थी निबंधात लिहितो की आईवडिलांनी त्याला चांगली शिक्षा दिली, तेव्हा वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते, संदर्भही बिघडलेला नसतो, आणि तरीही अर्थाचा घात झालेला असतो. हा शब्द मित्राच्या वेषातील वैरी आहे. विषारी अळिंब्याचा सख्खा भाऊ. येथे प्रत्यय उपयोगी पडत नाही, संदर्भ नेहमी उपयोगी पडेलच असे नाही. एकदा फसून, हसू होऊन, मगच तो ओळखू येतो.

गती, स्थान आणि स्मृती अशी ओळखीची ही तीन साधने झाली. खेळणारा मुलगा तिन्ही वापरतो. पहिल्यांदा तो विटेच्या उडीने सावध होतो, दुसऱ्यांदा जागेवरून ताडतो, तिसऱ्यांदा त्यास सारे पाठ असते.

जाता जाता स्थळनामांविषयीही एक सूचना करणे अप्रस्तुत होणार नाही. 'कुडवा' हे नाव ऐकताच कोणास 'कुडव' हे धान्याचे जुने माप आठवेल, कोणास 'कुडा' हे औषधी झाड. दोन्ही व्युत्पत्ती कानास गोड लागतात, आणि तेथेच धोका आहे. रूपसादृश्य हे व्युत्पत्तीच्या क्षेत्रातील सर्वांत जुने सोंग होय. लेखी पुराव्यातील पूर्वरूपे आणि ध्वनिपरिवर्तनाचे नियम यांच्या कसोटीवाचून अशा सादृश्यावर विसंबणे म्हणजे जवळ जाऊन न पाहता विटेवर पाय ठेवणे होय.

६. बांधीतील वैरी

त्याच दिवशी सायंकाळी त्या मुलाची आजी शेतातून परतली. धानाच्या बांधीत निंदण चालू होते. बोलण्याच्या ओघात तिने सांगितले की, सगळ्यांत त्रासाचे गवत ते, जे धानासारखे दिसते. नवखी बाई गवत ठेवते आणि धान उपटते. नातू आणि आजी एकाच विद्येविषयी बोलत होते, हे दोघांच्याही ध्यानी आले नसावे.

सावा ज्या वर्गातील आहे त्याच वर्गातील काही रानगवते रोपावस्थेत धानासारखीच दिसतात. खूण एकच, आणि तीही जवळून पाहिल्यावर कळणारी. पान जेथे खोडास बिलगते तेथे धानास पातळ, जिभेसारखा पापुद्रा असतो. या गवतास तो नसतो. दीक्षितांनी हे पाहिले असते तर विशेषकाचे आणखी एक उदाहरण त्यांना मिळाले असते.

हे सादृश्य आले कोठून? निकोलाय वाविलोव (१८८७–१९४३) या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपपत्तीनुसार हे सोंग शेतकऱ्याच्या डोळ्यांनीच घडविले आहे. जे तण निराळे दिसले ते उपटले गेले. जे पिकासारखे दिसले ते वाचले व त्याचे बी पुढच्या वर्षी उगवले. पिढ्यान्‌पिढ्या असे होत होत तण पिकासारखे झाले. या वर्गातील गवताचा जनुकीय अभ्यास करून २०१९ साली चिनी संशोधकांनी असे दाखविले की, यांग्त्झी नदीच्या खोऱ्यात हे अनुकरण सुमारे एक हजार वर्षांपूर्वी सुरू झाले असावे. पारखी नजर जितकी तीक्ष्ण, तितके सोंग बेमालूम. आणि सोंग जितके बेमालूम, तितकी नजर पुन्हा तीक्ष्ण करावी लागते.

शेजारच्या छत्तीसगडात 'करगा' नावाचे रानधान पिकात मिसळते. ते धानाचेच भाऊबंद असल्याने त्याची ओळख अधिकच अवघड असते. यावर तेथे एक युक्ती योजली गेली. जांभळ्या पानांच्या धानाची जात पेरावयाची, म्हणजे हिरवे दिसेल ते करगा समजून उपटता येते. वैऱ्याचा वेष फाडता येत नसेल तर आपलाच वेष बदलावा, असा हा उपाय आहे. भाषेतही असेच घडते. दोन शब्दांची गल्लत असह्य झाली की भाषा बहुधा त्यांपैकी एकास बाजूस सारून नवा शब्द पुढे आणते.

७. प्रामाणिक आणि अप्रामाणिक फसवणूक

येथवर खेळ, भाषा आणि शेत यांतील साम्य पाहिले. आता त्यांतील भेद सांगितला पाहिजे, कारण प्रस्तुत लेखाचे मर्म त्यातच आहे.

बांधीतील गवतामागे कोणाचा हेतू नाही. खेळातील विटेमागे मात्र एक रचनाकार आहे, आणि खेळणाऱ्याने आपले सोंग शेवटी ओळखावे अशी त्याची इच्छा आहे. तो वैऱ्यास दडवितो, पण खूण ठेवून. आधी नियम शिकवितो, मग अपवाद दाखवितो. अपवाद विरळ ठेवतो. आणि फसलेल्यास पुन्हा त्याच ठिकाणी येण्याची संधी देतो. वर उल्लेखिलेले विषारी अळिंबे १९९३ साली 'सुपर मारिओ ऑल-स्टार्स' या संग्रहातून जपानबाहेर पोहोचले तेव्हा त्याचे रूप नव्याने रेखाटून नेहमीच्या अळिंब्यापासून अधिक स्पष्टपणे निराळे करण्यात आले. खूण पुसट असेल तर ती ठळक करावी, एवढी काळजी ही फसवणूक घेते. पॉल ग्राइस यांनी १९६७ च्या व्याख्यानांत संभाषणाच्या मुळाशी परस्परसहकार्याचे तत्त्व असते असे प्रतिपादिले. खेळातील वेषांतर हे त्या तत्त्वाचा भंग वाटले तरी वस्तुतः त्याच्याच छायेत वावरते.

याच्या उलट, आज अनेकांच्या भ्रमणध्वनीवर बँकेच्या किंवा सरकारी कार्यालयाच्या वेषात जे संदेश येतात, त्यांचा कर्ता शक्य ती प्रत्येक खूण पुसून टाकतो, आणि तेथे दुसरा डाव मिळत नाही. दोहोंत कौशल्य एकच वाटते. परंतु एक सोंग पारख वाढविते, दुसरे पारखीच्या अभावावर पोसते. कोणत्या प्रकारच्या फसवणुकीशी आपली गाठ आहे हे ओळखण्याची कसोटी साधी आहे : फसविणाऱ्यास आपण ओळखले जावे असे वाटते काय?

तथापि खूण दिसणे आणि खुणेप्रमाणे वागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही विसरता येत नाही. वाल्मीकिरामायणात सुवर्णमृग दिसताच हा मारीच असावा अशी शंका लक्ष्मण तत्काळ बोलून दाखवितो. सोन्याचा मृग जगात नसतो, ही खूण लख्ख समोर होती. मृग ओळखला गेला होता, तरीही त्याच्यामागे धाव घेतली गेली. कारण मोहापुढे ज्ञान दुबळे ठरले. चिन्हमीमांसेची मर्यादा येथे संपते आणि नीतिशास्त्राचा प्रांत सुरू होतो.

८. उपसंहार

वरील विवेचनाचे सार असे सांगता येईल. वेषांतर केलेला वैरी हा चिन्हव्यवस्थेचा शत्रू वाटला तरी तो तिच्याच आश्रयास असतो. तो व्यवस्थेच्या नियमांचे भान जागे करतो. जे आपण न कळत जाणत होतो ते जाणिवेच्या पृष्ठभागावर आणतो. सरळ चालणाऱ्या विटांनी मुलास कधीही विचारात पाडले नसते. एका लबाड विटेने त्याच्याकडून विटांचे व्याकरण वदवून घेतले.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. 'शिक्षा' आणि 'चेष्टा' यांसारखे शब्द विद्यार्थ्यांच्या वहीत आढळले की आपण तांबड्या शाईने रेघ ओढून मोकळे होतो. त्याऐवजी असे शब्द आधीच निवडून, दोन्ही भाषांतील त्यांची खरी वसतिस्थाने दाखवून, मग एखाद्या उताऱ्यात ते मुद्दाम पेरावेत आणि विद्यार्थ्यांस ते शोधावयास लावावेत. चूक झाली तर हसू नये. पुन्हा त्याच ठिकाणी येऊ द्यावे. नियम, विरळ अपवाद, ओळखता येण्याजोगी खूण आणि दुसरी संधी या चार गोष्टी जेथे आहेत तेथे फसणे हाही अभ्यासच होय. कुडव्याच्या त्या घरात नातू पडद्यासमोर आणि आजी बांधीत, दोघेही तो अभ्यास आपापल्या परीने करीत होते. वर्गात तो घडवून आणणे आपल्या हाती आहे.